आबांसाठी भाड्याचा माइक

कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर बसून मी आजवर निदान चार शॉर्टफिल्म बंद पाडल्या आहेत. पोरं परवानगी न घेता कपाटांच्या मधे ट्रायपॉड उभा करतात, एक मुलगी पुस्तक हातात धरून खिडकीकडे बघत राहते आणि बाकीचे सहा-सात जण तिला अजून उदास हो, अजून उदास हो असं सांगत असतात. मी उठते आणि सगळ्यांना बाहेर काढते. त्यामुळे मागच्या वर्षी मी घरात जाहीर केलं की मला शॉर्टफिल्म करायची आहे, तेव्हा नवऱ्यानं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग विचारलं, यात उदास कोण होणार आहे.

उदास होणारं कुणी नव्हतं. माझे वडील होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. कबनूरला एका शेडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं साध्या यंत्रमागांवर कापड विणलं. मालक जुने माग भंगारात घालून नवे आणणार आहेत, असं आईनं फोनवर सांगितलं, तेही गवार महाग झाल्याचं सांगता सांगता. दिवाळी झाली की शेड रिकामी होणार होती. नव्या मागांवर आबांना कोणी घेणार नव्हतं आणि त्यांनाही जायचं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. कशाची, ते दोन दिवस कळेना. मग कळलं की माझ्याकडे आबांचं बोलणं नाही. रेकॉर्ड केलेलं नाही एवढंच नव्हे, आठवणीतही फारसं नाही. आबा रागीट नव्हते, दारू पीत नव्हते, कधी हात उगारला नाही. फक्त बोलत नसत. ‘हं’, ‘बघू’ आणि ‘आईला इचार’ एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनी माझं बालपण भागवलं. माझ्या लग्नात निघताना ते एकच वाक्य बोलले, गाडी हळू चालवा म्हणून, आणि तेही ड्रायव्हरला. लहानपणी मला खात्री होती की मी त्यांना आवडत नाही. मोठी झाल्यावर मी स्वतःची समजूत घातली, पण ती पुरती पटली नव्हती. आता माग हलायच्या आत त्यांनी आपल्या जागेवर उभं राहून काहीतरी बोलावं आणि ते माझ्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं. शॉर्टफिल्म हे मी त्याला दिलेलं नाव, कारण नवऱ्याला दुसरं काय सांगणार.

सामान काय घ्यावं ते बघायला मी मोबाइलवर व्हिडिओ लावले आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. पाठीमागं जांभळा दिवा लावून बसलेला एक पोरगा हिंदीत सांगत होता की कॅमेऱ्याला काही अर्थ नाही, सगळं लेन्समध्ये आहे. दुसरा म्हणत होता, लेन्स नंतर, आधी लाइट. तिसऱ्याच्या मते हात हलला की फिल्म गेली, त्यामुळे आधी गिंबल घ्यावा. गिंबल म्हणजे मोबाइल न हलता धरून ठेवणारा दांडा, हे मला चौथ्या व्हिडिओत समजलं, तोवर मी त्याला कॅमेऱ्याची कंपनी समजत होते. लेन्सवर एक आकडा असतो आणि तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो, हे मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी वही वाचली तर तिथं उलटंच होतं. मीच उलटं लिहून ठेवलं होतं, की व्हिडिओवालाच उलटं बोलला होता, ते मला आजही ठाऊक नाही. ग्रंथालयात मी हजारो पुस्तकं आकड्यांवरून लावते. इतकी वर्षं आकड्यांशी माझं कधी वाकडं आलं नव्हतं.

बाजूला काढलेल्या पैशात एका वेळी एकच गोष्ट भाड्यानं येणार होती. मोठा कॅमेरा आणला तर आवाज मोबाइलचा, आणि चांगला माइक आणला तर चित्र मोबाइलचं. एवढाच प्रश्न होता, पण त्यात माझे तीन आठवडे गेले.

माझा मावसभाऊ कोडोलीत असतो आणि लग्नाची शूटिंगं करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, आक्का, डोळे झाकून कॅमेरा घे, मागची सगळी भानगड पुसट करणारी लेन्स घे, माणूस उठून दिसतो. मी म्हटलं, मागं माग आहेत, ते कशाला पुसायचे. तो म्हणाला, मग पुसू नको. मी विचारलं, मग ती लेन्स कशाला. तो म्हणाला, मुंजीला चालंल की. आमचं बोलणं अशा वळणावर गेल्यावर मी त्याची तब्येत विचारून फोन ठेवला.

मग मी शाहूपुरीत एका जिन्याखालच्या दुकानात गेले. तिथं शूटिंगचं सामान भाड्यानं मिळतं. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. तो इतका जड होता की मी लगेच परत दिला. त्यानं विचारलं, ताई, फिल्ममध्ये असणार काय. मी म्हटलं, वडील बोलणार आहेत. तो म्हणाला, मग कॅमेरा कशाला पायजे, मोबाइलचं चित्र चालतंय, आवाज न्या. सदऱ्याच्या कॉलरला अडकवायचा बिनतारी माइक, एक रेकॉर्डर आणि हेडफोन असा संच त्यानं काउंटरवर मांडला. मला हायसं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कोणीतरी, मला काय हवं आहे ते विचारलं होतं.

सामान पिशवीत भरता भरता त्यानं एक प्रश्न विचारला.

“शूटिंगची जागा शांत हाय न्हवं?”

“शांत आहे की,” मी म्हणाले. “आमच्या घराच्या मागंच आहे.”

हे मी खोटं बोलले नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी कबनूरची आहे. आमच्या घराची मागची भिंत आणि शेडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे, इतकंच. मी जन्मले तेव्हा माग चालू होते, अभ्यास केला तेव्हा चालू होते, पाळण्यातली आमच्याकडची पोरं माग चालू असताना झोपतात आणि लाइट गेली की दचकून उठतात. लाइट गेल्यावर गल्लीतले लोक अंगणात येतात आणि काय झालं म्हणून एकमेकांना विचारतात. त्यामुळे दुकानदारानं शांत आहे का म्हणून विचारलं, तेव्हा मी मनातल्या मनात गल्ली आठवली. गाड्यांची वर्दळ नाही, लाउडस्पीकर नाही, कुणाची भांडणं नाहीत. शांत. आवाजाच्या यादीत मला माग आलेच नाहीत.

शनिवारी सकाळी मी आबांच्या पाळीच्या वेळेला शेडमध्ये गेले. मालकानं एक तास दिला होता. मी आबांच्या सदऱ्याला माइक लावला, त्याची खिशातल्या डबीपर्यंतची वायर आत खोचली. ते हात बाजूला धरून उभे होते, दवाखान्यात तपासायला उभं राहतात तसे. मग मी हेडफोन कानाला लावले आणि रेकॉर्डर सुरू केला.

काय झालं ते मला खरंच कळलं नाही. डोक्यात कोणीतरी पत्रे आपटतंय असं वाटलं. मी हेडफोन ओढून काढले. माइक बिघडला म्हणून मी तो बंद करून चालू केला, आवाजाचं बटण कमी केलं, मग आणखी कमी केलं. रेकॉर्डरवरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊन तिथंच बसला होता. मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग मी मान वर केली आणि चोवीस मागांकडे बघितलं. आडवा धागा नेणारे चोवीस धोटे इकडून तिकडे आदळत होते. अडतीस वर्षांत मी तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही भाड्यानं आणलेल्या यंत्रातून.

आता तास सुरू झाला होता. माग थांबवा म्हणणं शक्य नव्हतं. बाकीचे कामगार विणलेल्या मीटरवर पैसे मिळणारे, शेवटचे महिने, मी कोणत्या तोंडानं सांगणार. मी मोबाइल आबांसमोर धरला आणि ओरडून विचारलं, “आबा, इथं इतकी वर्षं काढलीत, काय वाटतंय?” माझं मलाच ऐकू आलं नाही. पण त्यांना कळलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली आणि ते बोलू लागले.

म्हणजे त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नव्हताच. मी त्यांच्या छातीजवळ कान नेला, तरी नाही. घशातून काही निघतच नव्हतं. शेडमध्ये सगळे असेच बोलतात. आवाज काढून उपयोग नाही, म्हणून कोणी काढत नाही, ओठ आणि हात यांवर सगळा कारभार. धागा तुटला, धोट्यातली सुताची कांडी संपली, चहा सांग, मालक आला, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं. हे मला माहीत होतं, जसं आपल्या घराला किती पायऱ्या आहेत ते माहीत असतं. मला चार खुणा येतही होत्या. पण आबा खुणा करत नव्हते. ते बोलत होते, थांबत होते, आठवून पुन्हा बोलत होते. मी त्यांना आयुष्यात इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

मी हातानं सांगितलं, मोठ्यानं बोला. त्यांनी हातानंच सांगितलं, बोलतोय की. मी घशाला बोट लावून दाखवलं. ते हसले, त्यांनी एका मागाचा तुटलेला धागा जोडला आणि परत तसंच पुढं सुरू केलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मग मला व्हिडिओतला कुठलातरी पोरगा आठवला, जो म्हणाला होता की एकच चेहरा दाखवत बसू नका, मधे मधे हातातलं काम दाखवा. बाकी काही हाती लागत नव्हतं, म्हणून मी मोबाइल खाली नेऊन धोट्यावर धरला, कांडीवर धरला, परत चेहऱ्यावर आणला. दीड-दोन मिनिटांनी आबा थांबले आणि झालं अशी मान हलवून कामाला लागले.

दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं. परत माइक लावला. आता आवाज स्वच्छ येत होता. मी विचारलं, सकाळी काय सांगत होता, ते परत सांगा. त्यांनी माइककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तेच की. काय सांगायचं परत.” नंतर अकरा मिनिटं मी प्रश्न विचारले. त्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, आबांचं खाकरणं आहे, सहा वेळा ‘हं’ आहे आणि दोनदा ‘बघू’. अगदी स्पष्ट.

सोमवारी मी सामान परत केलं. दुकानदारानं काम झालं का विचारलं. मी झालं म्हणाले. शेडची गोष्ट त्याला सांगायची मला लाज वाटली. बसमध्ये मी मावसभावाचं बोलणं आठवत बसले. त्याची ती लेन्स आणली असती, तर निदान चेहरा नीट आला असता. की नसता? लाइट आणली असती तर? मला काहीच कळत नव्हतं. मी चुकीची वस्तू निवडली होती एवढं नक्की, पण बरोबर वस्तू कुठली होती ते अजूनही सांगता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कबनूरला गेले. आबा बाहेर गेले होते. आई जोंधळे निवडत बसली होती. तिनं शूटिंगचं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी वैतागून मोबाइल तिच्या हातात दिला. खडखडाट नको म्हणून आवाज बंद करून दिला आणि पाणी प्यायला आत गेले.

आत मला आईचा आवाज ऐकू आला. ती कुणाशी तरी बोलते आहे असं वाटलं. बाहेर येऊन बघितलं, तर ती एकटीच होती. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून, एकेक वाक्य तोडत, ती आबांचे ओठ वाचत होती.

आईनं लग्नाआधी आणि नंतर मी होईपर्यंत त्याच शेडमध्ये कांड्या भरल्या आहेत. ती आणि आबा घरात, एक स्वयंपाकघरात आणि एक बाहेर, कधी काही न बोलता सगळं ठरवून मोकळे होत. कोणत्या लग्नाला जायचं, कुणाला काय द्यायचं, सगळं. आम्हा भावंडांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी शहाणी, पुस्तकं लावणारी बाई, तीन आठवडे लेन्स आणि लाइट शोधत फिरले, आणि ही मला एकदाही आठवली नाही.

मी म्हटलं, पहिल्यापासून लाव. तिनं लावलं.

“ते म्हणत्यात,” आई म्हणाली, आणि मग तिनं ‘ते म्हणत्यात’ म्हणणं सोडून दिलं. “काय वाटायचं हाय. माग हायत, आज न्हाय उद्या जायाचेच. माझं काय न्हाय. ही पोर लहान असताना डबा घिऊन यायची. त्या दारात थांबायची. आत येत न्हवती, आवाजाला भ्यायची. मी हितनं रोज म्हणायचो, आत ये. भिऊ नगंस, आत ये. शाळेत काय शिकवलं, काय खाल्लंस, सगळं इचारायचो हितनं. ती नुसती बघायची. डबा ठिवून पळायची.”

आई थांबली.

“पुढं?”

“हितं तू धोटा दाखवलास. हितलं न्हाय कळत.”

धोटा बराच वेळ इकडून तिकडे जात राहिला. मग परत चेहरा आला.

“तिला वाटत आसंल, आबा बोलत न्हाईत. मी रोज बोलायचो की.”

तिथं आबांनी मान हलवली होती आणि चित्र संपलं.

आईनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि जोंधळ्यातला खडा काढून बाजूला टाकला. मी भिंतीला टेकून रडले. मला तो दरवाजा आठवत होता. त्याचा लोखंडी उंबरठा, डब्याची कडी, आतला कापसाचा धुरळा. आणि लांब, मागांच्या मधे उभे राहून माझ्याकडे बघत तोंड हलवणारे आबा. मला वाटायचं ते काहीतरी चघळत आहेत. मला वाटायचं, डबा ठेव आणि जा, असं त्यांच्या मनात आहे. शाळेच्या पाच वर्षांत मी रोज त्या दारापर्यंत गेले.

आबा आले तेव्हा मी त्यांना ती जागा दाखवली, जिथं मी धोटा धरला होता. विचारलं, इथं काय म्हणाला होता. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, “काय की. म्हणलो आसंन कायतरी.” आईनंही विचारून पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. वीस सेकंद आहेत ती. मोजली आहेत मी. चांगल्या कॅमेऱ्यानंही ती वाचली नसती, कारण कॅमेरा वळवणारी मीच होते.

मी आईला म्हटलं, हेच परत एकदा बोल, मी रेकॉर्ड करते. ती म्हणाली, ऐकलंस न्हवं, आता कशाला, आणि सूप घेऊन उठली. माइक शाहूपुरीत पोचला होता. शॉर्टफिल्म झाली की नाही, असं नवरा मधूनमधून विचारतो. मला खरंच माहीत नाही. आवाज आहे तिथं बोलणं नाही आणि बोलणं आहे तिथं आवाज नाही. मावसभाऊ म्हणतो, खाली अक्षरं टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही.

दिवाळीनंतर माग गेले. ट्रक भरून गेल्यावर आईचा फोन आला की आबा जेवत नाहीत आणि मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसतात. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून गेले. गल्लीत शिरतानाच मला चुकल्यासारखं वाटलं, आपण दुसऱ्याच गल्लीत आलो की काय म्हणून मी दोन घरं मागं जाऊन पाटी बघून आले. आमच्या मागची शेड बंद होती. आता तिथं खरंच शांत होतं.

घराचं दार उघडं होतं. आबा आतल्या खोलीत, मागच्या खिडकीजवळ पाठमोरे बसले होते. मी उंबऱ्यातून हाक मारली नाही. खुर्ची सरकवत त्यांनी मान वळवली तेव्हा मी तोंडातून आवाज न काढता, ओठ नीट हलवून विचारलं, आबा, जेवला का.

ते बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. दोनच शब्द होते. आई स्वयंपाकघरात होती, पण या वेळी मला तिला विचारावं लागलं नाही. मी चप्पल दारात काढली आणि आत गेले.